निर्जळी धाव

आमच्याकडे पाणी आटलं की इथं काम वाढतं.

तिरुचेंगोडे हे तमिळनाडूतलं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे, आणि गावात जिकडे बघावं तिकडे बोअर पाडायच्या गाड्या. फाल्गुन सरत आला की आमच्या वर्कशॉपसमोर त्यांची रांग लागते. कुणाचा रॉड वाकलेला, कुणाचा मनोरा तडकलेला. मी वेल्डर आहे. डोळ्यांवर काळी काच ओढून दिवसभर ठिणग्यांत बसतो आणि गाडी कुठं निघाली म्हणून विचारतो. ड्रायव्हर लोक आमच्या मुलखाची नावं त्यांच्या जिभेनं घेतात. बीडू. गेवराई. आंबेजोगाई. इतक्या लांब आपल्या तालुक्याचं नाव कानावर पडलं की बरं वाटायला पाहिजे. मला वाटत नाही. तिकडे नीट चाललं असतं तर या गाड्या तिकडे कशाला गेल्या असत्या? माझ्या ताटातला भात तिकडच्या कोरड्या विहिरींवर शिजतो. जेवताना हे आठवू नये म्हणून मी मोबाइल समोर धरून जेवतो.

तर त्याच मोबाइलवर या आठवड्यात चुलतभावानं एक व्हिडिओ पाठवला. आमच्या गावाच्या माळावर, नेकनूरच्या रस्त्याला, माणसं बांबू रोवतायत आणि वरून हिरवी जाळी ओढतायत. खाली एकच ओळ: छावणी पुन्हा. इतकंच. पण मला त्या काचेतून वास आला. उसाच्या वाड्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा वास, पहिल्या दिवशी गोड आणि तिसऱ्या दिवशी आंबूस. शेणाचा, गोचिडाच्या औषधाचा, तापलेल्या जाळीचा. आणि त्या वासाच्या मधोमध अक्का, डोक्याला पदर गुंडाळून, हातात खराटा घेऊन उभी.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गंमत म्हणजे या मुलखातही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. पहिल्यांदा इथं आलो तेव्हा बाजारात कुणीतरी कुणाला तरी अक्का म्हणून हाक मारली आणि मी मान वळवून बघितलं होतं. आता सवय झाली. तरी दर वेळी मान थोडी वळतेच.

आम्ही छावणीत राहिलो त्या वर्षी दिवाळीनंतरच विहिरी बोलेनाशा झाल्या. आई-बाप ट्रॅक्टरच्या टोळीत ऊस तोडायला खाली कोल्हापूरकडे गेलते. घरी आम्ही दोघं, दोन बैल आणि एक तांबडी गाय. संक्रांतीनंतर गावच्या सहकारी दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उभी केली, तेव्हा अक्कानं जनावरं सोडली, दोन गोधड्या, तवा आणि घागर घेतली, आणि आम्ही तिथं राहायलाच गेलो. शेजारच्या दावणीला चुलता-चुलती होती म्हणून भीती नव्हती. अक्का सतरा वर्षांची, मी तेराचा. मला ती मोठी बाई वाटायची. आज सतरा वर्षांच्या पोरी कॉलेजला जाताना बघतो, कानात वायर घालून, आणि मग कळतं की ती किती लहान होती.

छावणीतला दिवस मोजणीनं उगवायचा. संस्थेचे सेक्रेटरी, त्यांना सगळे नाना म्हणत, दावणीदावणीनं फिरायचे, जनावरांच्या कानातले पिवळे बिल्ले बघायचे आणि वहीत खूण करायचे. बिल्ल्याला वाडं मिळायचं, पेंड मिळायची. माणसाच्या कानात बिल्ला नव्हता. "आमाला बी एक एक ठोका की नाना," असं चुलता रोज म्हणायचा आणि रोज सगळे हसायचे. हसणं फुकट होतं.

मी पळायला तिथं शिकलो. पहाटे अक्का गाईची धार काढायची, बरणीचं झाकण दाबायची आणि मला गावातल्या संकलन केंद्रावर पाठवायची. अंतर तीन किलोमीटर. सातला केंद्र बंद, आणि उशीर झाला तर उन्हानं दूध नासायचं. पहिल्या दिवशी मी जीव खाऊन पळालो. नानांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बे दत्त्या, दूध आणलंस का ताक करून आणलंस?" लोण्याचे बारीक गोळे वर तरंगत होते. मी रडत परत आलो. अक्का हसली नाही. तिनं मला वाटेवर उभं केलं, माझ्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि शिकवलं, की कमरेच्या खाली पळायचं आणि कमरेच्या वर चालायचं. खांदे हलू द्यायचे नाहीत. श्वास नाकानं. डोळे वाटेवर नाही, वाटेच्या थोडं पुढं. ती स्वतः सातवीनंतर कधी शाळेच्या मैदानावर गेलेली नव्हती. डोक्यावर दोन घागरी घेऊन उतरणीला धावत यायची, त्यातूनच तिला हे कळलेलं. पुढं इथं एका पळणाऱ्या मास्तरांनी मला हेच तमिळमध्ये सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, हे मला येतं.

त्या उन्हाळ्यात अक्का लई उपास करायची.

जनावरांसाठी हौदात टँकरनं पाणी यायचं, कुठल्या तरी खाणीतलं, पांढुरकं आणि खारट. माणसांच्या पिण्याचं पाणी निराळं. त्याचा टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि घरटी दोन घागरी. चैत्र लागला तसं एका घागरीवर आलं. त्याच सुमाराला अक्काचे उपास वाढले. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. बुधवार पांडुरंगाचा. गुरुवार दत्ताचा, म्हणजे माझ्याच नावच्या देवाचा. शुक्रवारी लक्ष्मी, शनिवारी मारुती, रविवारी खंडोबा. आणि साधे उपास नाहीत, निर्जळी. ऊन उतरेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मला वाटायचं, आपली अक्का लई देवभोळी आहे. मी भाकरी खाऊन तांब्याभर पाणी गटागटा प्यायचो आणि ती माझ्याकडे बघत बसायची. मी विचारायचो, तुला तहान लागत न्हाई का? ती म्हणायची, उपासाच्या दिवशी लागत नसती.

एका दुपारी मी झोपेतून उठलो तर ती जागेवर नव्हती. बघतो तर हौदाच्या काठाशी बसलेली. शेजारी आमची तांबडी गाय मान खाली घालून पाणी पीत होती आणि तिच्या तोंडाजवळच अक्का ओंजळीनं तेच पाणी पीत होती. मी मागून जाऊन ओरडलो, की तुझा उपास मोडला. मला तिला पकडल्याचा केवढा आनंद झाला होता. तिनं तोंड पुसलं, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "देवाला सांगू नगंस." मी दिवसभर तिला चिडवलं. चुलतीला सांगितलं, चुलत्याला सांगितलं. चुलती हसली नाही. चुलीतला जाळ पुढं सारत बसली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल.

खरं काय ते मला कधी कळलं? कुणी सांगितलं नाही. इथं आल्यावर, कितीतरी वर्षांनी, वर्कशॉपच्या नळाखाली तोंड धरलं होतं आणि पाणी छातीवर सांडत होतं, तेव्हा एकदम कळलं. नळ तसाच चालू राहिला. मालक मागून ओरडत होता.

इथं कसा आलो तेही त्याच उन्हाळ्याचं. आई-बाप परत आल्यावर बापानं रानात बोअर घ्यायचं ठरवलं आणि तिरुचेंगोड्याची गाडी आली. सेल्वम अण्णा नावाचा माणूस ती चालवायचा. नारळ फोडला, सगळा गाव जमला, आणि दिवसभर जमिनीतून पांढरा धुरळा उडत राहिला. अक्का पदरानं तोंड झाकून भोकाकडे बघत होती, जणू तिच्या बघण्यानं पाणी वर येणार होतं. सहाशे फूट गेले. धुरळाच आला. संध्याकाळी सेल्वम अण्णानं हातवारे करून बापाला विचारलं, की याला पाठवतो का कामाला? मी नुकताच नववीत गेलो होतो. आई नको म्हणाली. अक्का म्हणाली, "जाऊ द्या त्याला. तिकडं पाणी तरी असंल." शाळा सुटली ती अशी. मास्तरांना सांगायलाही गेलो नाही. माझी गणिताची वही अजून वर्गाच्या खिडकीत असेल, असं मला कधी कधी वाटतं.

अक्काचं लग्न त्याच्या पुढच्या साली झालं. भाऊजी चांगले आहेत, पण तेही टोळीचे. मग अक्काही दर दिवाळीनंतर उसाच्या फडात. वाड्याच्या मोळ्या डोक्यावर, कंबर कायमची दुखरी. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. दुकानातून पानंच्या पानं आणायची. फोनवर मला सांगायची, की गोळी खाल्ली की माणूस बैलासारखा चालतो. मी हसायचो.

मग पाय सुजले. मग तोंड. मग एक दिवस भाऊजींचा फोन आला आणि त्यांना धड बोलता येईना. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसच्या मशीनवर. मी डॉक्टरांना विचारलं, की लहानपणी खारट पाणी प्यायली, कित्येक दिवस पाणीच प्यायली नाही, त्यानं झालं का? डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. गोळ्यांनी झालं असेल, आणखी कशानं झालं असेल. सांगता येत नाही, हे उत्तर मी खिशात घालून फिरतो. चांगलं उत्तर नाही ते. कुठल्याही बाजूला झुकू देत नाही.

आणि मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून. दिवसाला अर्धा लिटर, फार तर थोडं वर. अक्कानं त्यासाठी एक बाटली ठेवलीय, तिच्यावर पट्टीनं खुणा केल्यात. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा तिनं मला आपला डावा हात कानाला लावायला सांगितला. सुया टोचण्यासाठी तिथली शीर जोडून मोठी केलेली असते. आत सारखी घरघर चालू असते, लांबवर गाडी चालू असावी तशी. "ऐक," ती म्हणाली, "तुझा बोर चालू हाय." मी ऐकत राहिलो. तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही म्हणून जरा जास्तच वेळ ऐकत राहिलो.

आईला साखरेचा आजार, बापाचं वय झालं, भाऊजींचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. सगळ्या तपासण्या जुळल्या. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तुम्ही नशीबवान आहात. अक्का मात्र ऐकेना. नको म्हणजे नको. माझं लोखंडाचं काम, माझं लग्न व्हायचंय, एका किडनीवर मी काय जगणार, असं तिचं चालायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मी गावी होतो. पुरणपोळी तिला चालत नाही म्हणून घरात कुणीच केली नव्हती. मी चिडून म्हणालो, माझ्यात किती ताकद आहे ते तुला माहीत नाही. मी इकडे रोज सकाळी डोंगराच्या कडेनं पळतो, दहा-दहा, पंधरा-पंधरा किलोमीटर. मोठ्या शर्यती असतात, बेचाळीस किलोमीटरच्या. ती पळून दाखवली तर घेशील?

तिनं विचारलं, बेचाळीस म्हणजे कुठवर? मी म्हणालो, आपल्या घरापासनं बीड गाठायचं, परत यायचं आणि वर आणखी थोडं. तिनं आपली बाटली उचलून खुणा बघितल्या. मग म्हणाली, "बरं. पळून दाव. मंग बघू."

त्या मार्गशीर्षात कोइंबतूरला शर्यत होती. नाव नोंदवताना फॉर्ममध्ये एक रकाना होता, छातीवरच्या नंबराखाली कुठलं नाव छापायचं. मी अक्का लिहिलं. मिशा असलेल्या बाप्याच्या छातीवर अक्का! सकाळच्या अंधुक उजेडात लोक वाचायचे आणि खुदकन हसायचे. रस्त्याच्या कडेच्या पोरी टाळ्या पिटून ओरडायच्या, अक्का, ओडु, ओडु. म्हणजे पळ, पळ. मला मौज वाटली. वाटलं, हे सगळं गाव माझ्या अक्काला पळायला सांगतंय.

आता जे सांगायचं आहे ते मी सव्वा वर्ष घरात कुणाला सांगितलं नाही.

मी ती शर्यत निर्जळी पळायचं ठरवलं होतं. नुसतं पळणं मला हलकं वाटत होतं. शहरातले लोक हौसेनं पळतात, फोटो काढतात. आपल्याकडे कुणासाठी काही करायचं तर त्यात शरीराला काहीतरी सोसावं लागतं, त्याशिवाय ते पोचत नाही. लोक अनवाणी चालतात, दंडवत घालतात. अक्कानं माझ्यासाठी सात वारांचे सात देव धरले होते. तिला दिवसभरात अर्धा लिटर. मग तिच्या नावानं पळताना मी पाणी पिऊ? सराव करतानाही मी मंगळवारी आणि शुक्रवारी पाणी तोडायचो, तिच्या मशीनच्या दिवशी. शर्यतीच्या आदल्या दिवशी गुडघा ठणकत होता, तर वर्कशॉपातल्या एकानं गोळ्या दिल्या. दोन तेव्हा घेतल्या, दोन सकाळी. गोळी खाल्ली की माणूस बैलासारखा चालतो.

पहिले वीस किलोमीटर मी उडत गेलो. खांदे स्थिर, नाकानं श्वास. दर थोड्या अंतरावर टेबलं मांडलेली, कागदी पेले भरलेले, आणि पोरं हात लांब करून ओरडत, तण्णी, तण्णी. पाणी, पाणी. माणसं दोन घोट घ्यायची, उरलेलं डोक्यावर ओतायची आणि पेला रस्त्यावर फेकून द्यायची. मला ते बघवेना. रस्ता ओला झालेला. एवढं पाणी पायाखाली तुडवत मी कोरड्या जिभेनं पळत होतो आणि मला स्वतःचा गर्व वाटत होता. खरंच सांगतो, गर्व वाटत होता.

तीस नंतर ऊन चढलं. घाम यायचा थांबला. कातडी खरखरीत झाली, कडेच्या झाडांना हिरवी जाळी लावल्यासारखं दिसू लागलं. एक म्हातारे गृहस्थ, पांढऱ्या टोपीतले, माझ्या शेजारून पळत होते. त्यांनी आपली बाटली पुढं केली. मी नको म्हणालो. त्यांनी पुन्हा दिली, जरा रागानंच. मी हात जोडले. ते पुढं गेले, वळून वळून बघत. सदतीसच्या पाटीजवळ माझ्या मांड्या लाकडासारख्या झाल्या आणि मी पडलो.

पडलो तेव्हा माझ्या मनात काय आलं? अक्का आली नाही. देव आला नाही. मनात आलं, सुटलो. आता नाही द्यावी लागणार. डांबर गालाला भाजत होतं आणि मला आतून इतकं हलकं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. तेवढा एक क्षण. पण तो आला, आणि तो माझाच होता.

दवाखान्यात माझी लघवी काळ्या चहासारखी आली. चार दिवस सलाइन. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, पाणी किती प्यायलात? कुठल्या गोळ्या घेतल्या? मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, बिनपाण्यानं पळालात, त्यात या गोळ्या. तुमच्या किडन्यांना जबर मार बसलाय, सुधारतील बहुतेक, पण असं कोण करतं? मी त्यांना सांगू शकलो नाही की आमच्याकडे करतात. जी वस्तू द्यायला मी निघालो होतो, तीच नवस बोलून नासवून बसलो होतो. लोण्याचे गोळे वर आले होते.

मोठ्या दवाखान्यानं सांगितलं, आता वर्षभर काही नाही. वर्षानं सगळ्या तपासण्या पुन्हा. अक्काला मी फोनवर म्हणालो, ऊन लागलं, पाच किलोमीटर राहिले. ती म्हणाली, राहू दे बाबा, जिवापरीस काय. घरच्यांनाही तेच सांगितलं. वर्ष गेलं. माझं वर्ष कामात गेलं. तिचं वर्ष मशीनवर गेलं. शंभरावर वेळा सुया. पावसाळ्यात एकदा छातीत पाणी भरलं. दसऱ्यात हृदयाचा फोटो काढला, त्यात हृदय मोठं झालंय म्हणाले. आवाज बारीक होत गेला. आधी ती फोनवर भांडायची. मग नुसती ऐकायची. मग मी काय बोललो ते दुसऱ्यांदा विचारायची.

गेल्या महिन्यात माझे रिपोर्ट आले. सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, तुम्ही देऊ शकता. मग म्हणाले, त्यांचं हृदय मात्र गेल्या वर्षीइतकं चांगलं राहिलेलं नाही. करता येईल, पण जोखीम वाढलीय. घरी बोला, ठरवा, वैशाखात तारीख धरू. गेल्या वर्षीइतकं. हे दोन शब्द त्यांनी सहज म्हटले. त्यांना काय माहीत ते वर्ष कुठं गेलं.

तेव्हापासून मी पळालेलो नाही. सकाळी उठतो, बूट घालतो, डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत जातो आणि एका दगडावर बसतो. घरच्यांना मी अजून काही कळवलं नव्हतं. रिपोर्ट येऊन तीन आठवडे झाले, तरी भाऊजी विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, यायचेत. माझ्या डोक्यावर एवढं मोठं कर्ज होतं तिच्या पाण्याचं, तर मी धावत जायला पाहिजे होतं. मी दगडावर बसून होतो. कमरेच्या डाव्या बाजूला, जिथं कापतात म्हणे, तिथं हात ठेवून. गाड्या एकेक करून दुरुस्त होऊन उत्तरेकडे निघत होत्या आणि मी त्यांच्या मागच्या दिव्यांकडे बघत होतो.

परवा छावणीचा तो व्हिडिओ आला आणि मला बसवेना. शुक्रवार होता. दुपारी भाकरीच्या सुट्टीत मी वर्कशॉपच्या मागं, जुन्या रॉडांच्या ढिगावर बसून अक्काला फोन लावला. ती मशीनवर होती. मागून बारीक टिकटिक ऐकू येत होती.

मी सगळं सांगितलं. रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वीच आले. ऊन लागलं नव्हतं, पाणी तोडलं होतं. का तोडलं होतं तेही. हौदाचंही सांगितलं, की तुझे उपास मला कळलेत. आणि मग, थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो म्हणून एका दमात सांगितलं, की पडलो तेव्हा मला हलकं वाटलं. मला लई भीती वाटते गं अक्का. तेव्हाही वाटत होती. ते पाणी मी तुझ्यासाठी तोडलं का माझ्यासाठी, हे माझं मला सांगता येत नाही.

पलीकडे टिकटिक चालू होती. मग ती बोलली, अगदी सावकाश, मध्ये मध्ये श्वास घेत.

"मला वाटलं, बेचाळीस तू काय पळत न्हाईस. म्हणून हो म्हणले मी."

मी विचारलं, म्हणजे?

"तुझं लगीन, तुझं काम, ते सगळं म्हणायला. आपरेशनच्या टेबलावर झोपायचं मला भ्या वाटत होतं. अजून वाटतंय. कुणाला सांगावं? सगळी म्हणत्यात, भाऊ द्यायला तयार हाय, तुला काय झालं."

वर्कशॉपात कुणीतरी घण मारत होतं. तेराव्या वर्षी मी तिला उपास मोडताना पकडलं होतं, पण ती घाबरते हे मला कधी दिसलं नव्हतं. तिनं दिसू दिलं नव्हतं, आणि मीही बघितलं नव्हतं. सव्वा वर्ष आम्ही दोघं एकमेकांना शूर समजून लांब लांब बसलो होतो, आणि तेवढ्यात तिचं हृदय थकत गेलं.

मी म्हणालो, डॉक्टर वैशाख म्हणतायत. आता जोखीम वाढलीय म्हणतायत. माझ्यामुळं.

"दोघांमुळं," अक्का म्हणाली. मग कुणीतरी नर्स तिला हात हलवू नका म्हणाली, तिनं हो हो म्हटलं, आणि पुन्हा फोनजवळ आली.

"ये मंग. दोघं मिळून भिऊ."